सगळ्यांना तीन मिनिटं

दर दिवाळीला मी पक्षाच्या जळगावच्या ऑफिसातली रद्दी काढते. जुनी पत्रकं, फाटके बॅनर, कुणाकुणाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळं हातगाडीवर जातं. किस्से मात्र जात नाहीत. ते कपाटामागं साचून बसतात आणि कुणी नवीन माणूस चहाला आला की एकेक बाहेर पडतो. वीस-बावीस वर्षं मी हे ऑफिस सांभाळते आहे, टायपिंगपासून सतरंज्या झटकण्यापर्यंत. लोक तोंडावर मला ताई म्हणतात आणि माघारी खडूस म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

आज त्या नेट न्यूट्रॅलिटीचे किस्से सांगते. घाबरू नका, मलाही आधी काही कळलं नव्हतं.

* * *

पण आधी टायमर.

आमचे जिल्हाध्यक्ष नाना, भडगावकडचे, गिरणाकाठी केळीची शेती. तरुणपणी धुळ्याच्या मेळाव्यात बोलायचं म्हणून ते भाषण कागदावर लिहून घेऊन गेले. सकाळपासून मागच्या खुर्चीत बसले. पुढाऱ्यांची भाषणं लांबत गेली, आणि यांचं नाव आलं तेव्हा सूत्रसंचालक म्हणाला, "वेळेअभावी आपण थांबू या." नाना तो कागद खिशात घालून एसटीनं घरी आले.

पुढं अध्यक्ष झाले तेव्हा पहिल्याच बैठकीत त्यांनी एक नियम केला. घरची बोली त्यांच्या तोंडातून जात नाही, म्हणाले, "बठ्ठासले तीन मिनिटं. मालेबी." सगळ्यांना, आणि मलासुद्धा.

टायमर आणला सोनवणे सरांनी. सर मूळचे धुळ्याचे, विज्ञानाचे शिक्षक, निवृत्तीनंतर जळगावात मुलीकडं राहायला आलेले. शाळेनं प्रयोगशाळेतली मोडीत काढलेली वस्तू होती ती. चावी पिळायची, टिकटिक सुरू होते, तीन मिनिटांनी घंटी वाजते. चावी पिळायचं काम माझ्याकडं आलं. खडूस नाव तेव्हापासून पडलं असावं.

* * *

नियम किती कडक, ते सांगते.

नानांचे थोरले भाऊ वारले. त्यांनीच नानांना शिकवलं, शेत सांभाळून यांना राजकारणात फिरू दिलं. ऑफिसात शोकसभा ठेवली. त्या दिवशी टायमर कपाटातच राहू द्यावा असं माझ्या मनात होतं, पण नानांनी मागून घेतला.

सगळे बोलले, शेवटी नाना उठले. भाऊंच्या फोटोवरचा हार ते पुन्हा पुन्हा सरळ करत राहिले. मग म्हणाले, "भाऊ जाताना मला एकच म्हणाले, की..." आणि घंटी वाजली.

नाना खाली बसले. सर म्हणाले, "नाना, वाक्य तरी पुरं करा." नाना म्हणाले, "टाइम सरना, सर." वेळ संपली, एवढंच.

भाऊ काय म्हणाले होते ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. मला त्या दिवशी त्या टायमरचा फार राग आला होता.

* * *

मग मुंबईहून पक्षाचं पत्र आलं. आपला पक्ष नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूनं आहे, जिल्ह्याजिल्ह्यात ही भूमिका समजावून सांगा. पत्रात समजावून काही सांगितलेलं नव्हतं. आमच्या पक्षाची ती जुनी सवय आहे.

नानांनी पत्र दोनदा वाचलं आणि सरांकडं सरकवलं.

धुळ्याला धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांचं शिबिर होतं. टायमर आम्ही बरोबर नेलाच होता. तिथं सर उठले, मी चावी पिळली. सर म्हणाले, "जय भीम. तुमच्या शेतात ठिबक आहे ना? पाईप विकणाऱ्यानं पाईप विकावा, त्याचे पैसे घ्यावेत. कुठल्या झाडाला थेंब जास्त आणि कुठल्याला कमी, हे त्यानं ठरवायचं नाही. इंटरनेटचंही तेच आहे. कंपनीनं लाइन द्यावी. लाइनवर कोण जोरात पळेल आणि कोण रखडेल, हे तिनं ठरवू नये."

मिनिटभरात झालं. उरलेली दोन मिनिटं सर नुसते उभे राहिले, कुणाला काही विचारायचं असेल तर म्हणून.

नशिराबादच्या अक्का उठल्या. अक्का आमच्या महिला आघाडीच्या. बायकांना जमवून त्या केळीचे वेफर्स करतात. म्हणाल्या, "सर, आता एक कंपनी म्हणते इंटरनेट फुकट देते. फुकट पाईप मिळत असेल तर आमचं काय जातं?"

सर म्हणाले, "अक्का, त्या फुकट पाईपाला भोकं आधीच पाडलेली असतात. कुठं पाडायची ते तुम्हाला विचारलेलं नसतं."

अक्कांना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, "गरिबाच्या बाईला फुकट मिळालं की लोकांच्या पोटात दुखतं." टाळ्या अक्कांनाच जास्त पडल्या.

* * *

पुढं वरून निरोप आला की सरकारनं लोकांची मतं मागवली आहेत, तेव्हा सगळ्यांनी ईमेल पाठवा.

दुसऱ्या जिल्ह्यांनी काय केलं? एक मजकूर केला, खाली सह्या घेतल्या, पाठवून दिला. आमच्याकडं तसं चालत नाही. नानांचं म्हणणं, मत ज्याचं त्यानं मांडायचं. आणि ईमेल तर एकाकडंही नाही! मग सगळे कार्यकर्ते ऑफिसात रांगेनं बसले. प्रत्येकजण आपापलं सांगायचा, मी टाइप करायची, आणि सगळं ऑफिसच्या एकाच ईमेलवरून जायचं. दुपारपर्यंत माझी बोटं दुखायला लागली. चहानंतर ईमेल उघडेचना. एकाच पत्त्यावरून इतकी पत्रं जाताहेत म्हटल्यावर मेलवाल्या कंपनीनं आमचं खातंच बंद केलं होतं.

नानांना मी तसं सांगितलं. ते विचार करून म्हणाले, "म्हणजे कुणी बोलायचं ते कंपनी ठरवते? सर सांगत होते ते हेच का?"

सर म्हणाले, "अगदी हेच नाही, नाना. पण जवळपास आलात."

उरलेल्यांनी पोस्टकार्डं लिहिली. मजकूर अर्थात प्रत्येकाचा वेगळा.

* * *

अक्कांचं मत कसं बदललं, तोही किस्साच आहे.

त्यांच्या सुनेनं वेफर्ससाठी छोटी वेबसाइट केली होती. फोटो अक्कांनीच काढलेले, ताटं घासूनपुसून. फुकटचं इंटरनेट नशिराबादेत आलं तसं अक्कांनी हौसेनं गटातल्या बायकांना घेऊन दिलं, म्हणाल्या, "आता आपली साइट घरोघर दिसेल."

सगळ्या अंगणात बसून फोन दाबायला लागल्या. साइट काही उघडेना. फुकटच्या यादीत असेल तेवढंच उघडत होतं, आणि यादीत एका मोठ्या कंपनीचे वेफर्स होते. एक म्हातारी ते फोटो बघून कौतुकानं म्हणाली, "अक्का, किती छान केलेत तुम्ही."

अक्का दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या. सरांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "भोकं कुठं पाडली ते बघून आले." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नेहमी तोफेसारखी बोलणारी बाई ती, मला पाहवेना. मी चहा ठेवायला उठले.

* * *

आता शेवटचा.

त्याआधी नानांची फाइल माहीत हवी. विधानसभेच्या तिकिटासाठी नानांनी दोनदा अर्ज केला होता, दोन्ही वेळा ते दुसऱ्याला गेलं. अर्जाची फाइल माझ्या कपाटात असते. दर वेळी ते नवा फोटो काढून आणतात, काळा कोट तोच. पहिल्या फोटोत केस काळे, दुसऱ्यात अर्धे पांढरे. यंदा तिसरा फोटो लावताना म्हणाले, "ताई, हा शेवटचा. चौथ्याला माणूस राहायचा नाही." हसत म्हणाले, पण मला ते लागलं. हा माणूस आमदार व्हावा असं मला मनापासून वाटायचं, अजून वाटतं.

आणि मुंबईहून साहेब येणार असं कळलं. उमेदवारांची यादी साहेबच ठरवतात. यंदा जळगावातून नानांचं नाव पक्कं, असं साहेबांच्या ड्रायव्हरपासून सगळे सांगत होते.

दुसरीही बातमी होती. पक्षानं भूमिका बदलली होती. फुकटच्या इंटरनेटचं आता स्वागत करायचं, आणि तसा ठराव साहेबांसमोर एकमतानं करायचा.

सकाळी मी नानांना विचारलं, "आज टायमर टेबलावर ठेवू की कपाटात?"

नाना पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "रोज बैठकीला कुठं असतो?"

साहेब आले. ऑफिस गच्च भरलं. पहिले साहेब, मग सर, असा क्रम नानांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता. सर काय बोलणार ते सगळ्यांना माहीत होतं.

साहेब उठले, मी चावी पिळली. साहेब छान बोलतात. फुकट इंटरनेट, गोरगरीब, शिकणाऱ्या मुली. अक्का खाली बघत बसल्या होत्या. मग घंटी वाजली.

साहेब हसले आणि बोलतच राहिले. घंटी वाजून बंद झाली. मी नानांकडं पाहिलं.

नाना उठले. "साहेब, तीन मिनिटं झाली."

"नाना, मी पक्षाची भूमिका मांडतोय."

"हो साहेब. आम्हीपण तीन मिनिटांतच मांडतो."

साहेबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. हसू तसंच होतं. नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, थांबा तर. भूमिका झाली. पुढचं वाक्य तुमच्याबद्दलच आहे."

त्या कागदात तिकिटाचं आहे, हे खोलीत सगळ्यांना कळलं. मागं कुणीतरी टाळी वाजवायला हात उचललेसुद्धा. मी देवाची शपथ सांगते, मी मनात म्हटलं, नाना, बसा खाली, एक वाक्य तर आहे.

नानांनी त्या कागदाकडं पाहिलं. मग टायमर उचलला आणि माझ्यापुढं ठेवला.

"टाइम सरना, साहेब," ते म्हणाले. "सर, उठा. तुमची पाळी."

साहेबांनी कागद खिशात घातला. सर उठले. मी चावी पिळली.