लक्ष्मणचं कडं

१९४६ साली मी पलटणीतून सुटून कुसगावला आलो. हुद्दा नर्सिंग नाईक. बंदुकीपेक्षा स्ट्रेचरच जास्त वाहिलं. त्याच पावसाळ्यात आमच्या गावच्या, माझ्याच पलटणीतल्या जमादारसाहेबांच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, उजवा हात लुळा राहिला. घरच्यांनी मायेनं तो छातीशी बांधून ठेवला होता. मी आधी ते फडकं सोडलं.

साहेबांना हात हवा होता तो एका कामासाठी. इटलीतल्या लढाईत नदीकाठी आमचा सिपाही लक्ष्मण पडला. वायरलेसवर साहेबांचा आवाज आला, "स्ट्रेचर भेजो. जल्दी. ओव्हर." मी पोचलो तेव्हा लक्ष्मण गेला होता. साहेब त्याचा हात धरून बसले होते.

"साहेब, सोडा आता," मीच म्हणालो.

त्याच्या मनगटातलं तांब्याचं कडं साहेबांनी खिशात ठेवलं. तुंगार्लीच्या वरच्या वाडीत त्याची आई होती. तिला ते द्यायचं राहिलं होतं.

"मी देऊन येतो," मी म्हटलं.

"तू कोण देणार? पोरगा माझ्या हाताखाली व्हता."

"मग डाव्या हातानं द्या."

"डाव्या हातानं? त्या माउलीला?" साहेबांनी डोळे वटारले.

मग रोज सकाळी आमची परेड. गरम पाण्याचा शेक, तेलाची मालिश. चांगला हात मधे लुडबुडू नये म्हणून तो कमरेला बांधायचा आणि उजव्यानं भाताची मूठ भरायची. "पकड!" मी ओरडायचो. साहेब शिव्या घालत पकडायचे. दिवाळीनंतर मूठ घट्ट वळायला लागली. ती उघडायला मात्र डावा हात लागायचा, तिकडं आम्ही लक्षच दिलं नाही. शिपायाला पकड आली की भागलं, असंच दोघांना वाटलं.

एवढ्यात तुंगार्लीहून निरोप आला, म्हातारीनं अंथरूण धरलंय. लगेच निघालो. सगळा चढ साहेब कडं उजव्या मुठीत धरून चढले.

"मावशी, लक्ष्मणचं हाय," म्हणून त्यांनी मूठ पुढं केली.

मूठ उघडेना. साहेबांच्या कपाळावर घाम आला. मी पुढं झालो, तर मानेनंच नको म्हणाले. मावशी उठून बसली. त्यांचं एकेक बोट तिनं हळूहळू उकललं.

"माझ्या पोराचा हातबी असाच धरला व्हता का, भाऊ?"

"व्हय."

"मंग एकला न्हाई गेला त्यो."

साहेब रडले. मीही रडलो, त्यात लपवायचं काय?

इटलीत लक्ष्मणला ठेवलं तिथल्या दगडावर नुसता नंबर आणि नाव आहे. फोटो त्याचा कुणाकडंच नाही. मावशी त्याच थंडीत गेली. कडं तिच्या मनगटात होतं. ते कुणी काढलं नाही.