मीच म्हणलं, पिकू द्या

आमचा बुढा, म्हंजे माहा नवरा किसनसिंग, बोरी अरबहून दारव्ह्याले काळीपिवळी जीप चालवते. अठ्ठावीस वर्सं झाली, कोनाले धक्का म्हणून लागला नाही. गाडी अशी चकाचक ठेवते का बापा, घरात तेवढा झाडू मारला असता तं माह्यी कंबर वाचली असती! नऊ वर्सांपासून त्याले साखरेची बिमारी हाय. गोळ्या खाते, पण आठवन आली तं. अन् चहा? डबल शक्कर!

दिवाळीच्या आगोदर मले म्हने, "बिजली, डाव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगून राह्यले."

"मोतीबिंदू असन," मी म्हणलं. "पिकू द्या, मंग काढू."

माह्या मायचा असाच पिकल्यावर काढलता. तवाच्या डॉक्टरनंच थांबाले सांगलतं. मले वाटलं, सगळ्याच डोळ्याचं तसंच असते. बिचाऱ्यानं ऐकलं. गाडी मात्र सोडली नाही.

संक्रांतीले मीही जीपमधी होती. डाव्या बाजूनं बैल आडवा आला अन् ह्या मानसाचा पाय ब्रेकवर गेलाच नाही! मी बोंबलली तवा गाडी थांबली, बैलापासून वीतभर. मागच्या बाया शिव्या देऊन राह्यल्या अन् हा डावा डोळा चोळून राह्यला.

"डाव्या डोळ्यावर परदा पडला वं," म्हने. "काहीच दिसत नाही."

जीप तिथंच कडेले लावली अन् त्याच पावली त्याले एसटीनं यवतमाळले डोळ्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीनबाईनं थेंब टाकले, लय वेळ पाह्यलं. मंग म्हने, "हा मोतीबिंदू नाही. साखरेमुळं डोळ्यातल्या बारीक नसांतून रक्त आलं, आतला पडदा सुटला. ही नजर परत येणं कठीण आहे. इतके दिवस थांबलात कशाला? कोणी सांगितलं?"

मले वाटलं, आता हा माह्याकडं बोट दाखवन. दाखवलं असतं तं बरं झालं असतं.

"उजव्या डोळ्यातही सुरू झालंय," बाई म्हने. "तो अजून वाचवता येईल. लेझर आजच करू."

बुढा घाबरला. जिंदगीभर रस्त्यावर राह्यलेला मानूस लेकरासारखा खुर्चीले चिकटला. थेंबानं उजव्यालेही सगळं धुरकट, मी कुठं उभी हाय तेही त्याले समजेना. हवेत हात चाचपत म्हने, "बिजली, तू सांग. करू का थांबू?"

अवं माय! एक डोळा माह्या शब्दावर गेला, अन् हा मानूस दुसराही माह्याच शब्दावर टाकून राह्यला. इतकं भेव मले जीपमधीही वाटलं नव्हतं. मी त्याचा हात धरला.

"करा," मी बाईले म्हणलं. "आत्ताच करा. अन् बाई, त्याले मीच थांबवलतं."