साहेबाचा कोट

आमचा दादा आणि त्याचा जोडीदार लंबू, दोघं मिळून दोन नाटुकली करायचे. पहिल्यात दादा साहेब आणि लंबू अर्जदार, दुसऱ्यात उलटं. अर्जदार गयावया करतो, साहेब शेवटी म्हणतो, "उद्या या," आणि लोक पोट धरून हसतात. मधल्या वेळात एकाच्या अंगातला साहेबाचा कोट काढून दुसऱ्याला चढवायचा, हे माझं काम. मी धाकटी बहीण. उभं आयुष्य कपडेपटात गेलं.

मध्यंतरी दादाच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली नुसती कुजबूज. लंबूनं काही प्रयोग सांभाळून घेतले, पण मागच्या रांगांतून 'ऐकू येत नाही' अशी ओरड सुरू झाली. तरी हा बाबा रोज हजर. वहिनी गेलेली, मूलबाळ नाही; घरी काय भिंतींशी बोलणार?

परवा मेकअपच्या खोलीत लंबूनं विषय काढला. म्हणाला, उद्यापासून दुसरा माणूस येतोय, तू आता आराम कर. आराम म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा मात्र पावडर लावत राहिला.

त्या रात्री पहिलं नाटुकलं निभावलं. त्यात साहेबाला बोलायचंच कमी. मग मी कोट काढायला गेले, तर दादानं बटणं मुठीत धरून ठेवली. लंबू पलीकडे हात पसरून उभा. काय करणार, ओढूनच काढला मी.

दुसऱ्यात अर्जदार दादा. तो एकदम गुडघ्यांवरच बसला. असं नाटकात कुठंच नाही. ओठ हलत होते, आवाज नाही, आणि लोक खो खो हसत होते. मला त्याची वाक्यं तोंडपाठ. ही ती नव्हती. मी विंगेतून त्याच्या ओठांकडे बघत राहिले.

"मला काढू नको रे. घरी बसवलंस तर मरेन मी."

लंबूचा चेहरा उतरला. पुढचं वाक्य त्याचं, पण तोंडातून फुटेना. माझी मेली इतक्या वर्षांची सवय, वाक्य अडलं की पुरवायची. मीच विंगेतून ते पुरवलं. मग खाली बघत तो म्हणाला, "उद्या या." टाळ्यांचा कडकडाट झाला. तेव्हाच माझी जीभ का नाही झडली!

दुसऱ्या दिवशी नव्या माणसाला मी कोट चढवत होते. काखेत घट्ट होत होता. तेवढ्यात दार ढकलून दादा आत आला. गुळगुळीत दाढी, धुतलेला शर्ट. आपल्या आरशापुढे जाऊन बसला. लंबू चाचरत म्हणाला, अरे, तुला सांगितलं होतं ना.

दादानं मान हलवली. त्याचं बोलणं ऐकायला आम्हाला वाकावं लागलं.

"सांगितलंस की. सगळ्यांदेखत. उद्या या म्हणालास."

आणि त्यानं पावडरचा डबा उघडला.