पाऊल कुणी उचललं?

अर्धांगवायूनंतर सुमनताईंचं डावं पाऊल चालताना जमिनीला घासायचं. ते उचललं जावं म्हणून आम्ही काही अभियंत्यांनी एक यंत्र बनवलं होतं. गुडघ्याखाली पट्टा, त्यातून विजेचा बारीक झटका, आणि तो सोडायला वायरऐवजी माझ्या हातातला मोबाइल. आज दवाखान्यात पहिली चाचणी होती; प्रत्येक पावलाला बटण मी दाबायचं. स्वतःच्या पायावर मी ते कितीदा तरी करून पाहिलं होतं.

बटण दाबलं. पाऊल अलगद वर आलं. सुमनताई बघतच राहिल्या.

"हे मी उचललं, की तुम्ही?"

मी हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. वायर निदान दिसते, तुटली तर कळते. ही न दिसणारी जोडणी उद्या भर रस्त्यात गेली तर? कुणाचं तरी पुढचं पाऊल माझ्या एका चुकीवर टेकलेलं असणार, हे कागदावर आकृत्या काढताना कधी जाणवलंच नव्हतं.

त्या व्हरांड्यातून निघाल्या. मी बटण दाबत, अगदी पाठोपाठ.

"अहो, इतक्या जवळ नका चालू," त्या न वळताच म्हणाल्या, "तुमच्या चपलांच्या आवाजात मला माझं पाऊल ऐकू येत नाहीये."

मी अनवाणी झाले.