न वाकणारी राणी

पूर्व विदर्भातल्या साऱ्या झाडीपट्टीत आजवर एकच राणी अशी झाली जी, एक प्रसंग सोडला तर, कोणत्याही राजापुढे वाकली नाही, आणि ती राणी म्हणजे माझ्या बायकोचे मामा. बाकीच्या गावांच्या राण्या रडल्या, वनवासात गेल्या, पतीच्या पायांवर लोळण घेऊन पुन्हा महालात आल्या. आमची राणी ताठ उभी राहिली. यामागे स्वाभिमान वगैरे काही होता असं कृपा करून समजू नका. मामांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता आणि केसांचा टोप डिंकाशिवायच बसवायचा, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. एवढंच.

सौंदडजवळच्या एका गावात मामांची धानाची शेती होती. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, जावयांना बोलावणं जातं, मिठाईची दुकानं लागतात आणि भर दिवसा मांडवात दंडारीचा, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचा, खेळ होतो. त्यात बायकांची कामं पुरुषांनीच करायची. वर्षभर धानाच्या बांधीतल्या चिखलात पाय रोवून उभे असणारे मामा त्या दिवशी लुगडं नेसून राणी होत. मिशी मात्र दसऱ्यालाच उतरवत. "ओठाले बाईपनाची सवय व्हावी लागते," असं ते मला समजावून सांगत. मी आमगावला धानाच्या गिरणीत कारकून असल्यामुळे मला कलेतलं काही कळत नाही, याबद्दल त्यांची खात्री होती.

टोप चढवण्याचा सोहळा लग्नातल्या हळदीपेक्षा लांब चाले. आधी डोकं पंचाने खसखसून पुसायचं. मग त्यावर तांदळाचं पीठ चोळायचं, म्हणजे घाम सुटला तरी टोप घसरत नाही. मग मामींच्या जुन्या लुगड्याचा ओला करून पिळलेला पट्टा कपाळाच्या वर आवळून बांधायचा. त्यावर टोपाची पुढची कड टेकवायची, कपाळापाशी दोन बोटांनी दाबून धरायची आणि मागचा भाग मानेपर्यंत ओढून आणायचा. कानांपुढच्या दोन्ही बटा सारख्या आल्या की मामी मागे बसून टोपाचे बंद बांधत. शेवटी मामा मान डावीउजवीकडे झटकत. टोप हलला नाही की राणी तयार. पुढे-मागे मात्र मान हलवायची सोय नव्हती. म्हणजे टोप घातल्यावर मामांना 'नाही' म्हणता येई, 'हो' म्हणता येत नसे.

आता हे असं डोकं सांभाळायचं तर मानेला शिस्त हवी. म्हणून मंडईच्या आधी पंधरा-वीस दिवस मामा डोक्यावर पाण्याने भरलेला लोटा ठेवून शेताच्या अरुंद धुऱ्यावरून चालत. समोरून कोणी "रामराम" केला की ते फक्त डोळे मिटून उघडत. एक दूरचे व्याही या डोळे मिटण्याचा भलताच अर्थ घेऊन दोन वर्षं घरी आले नाहीत.

डिंकाशी त्यांचं वैर जुनं. तरुणपणी पहिल्यांदा राणी झाले, केस तेव्हाच गेलेले होते, तेव्हा धावड्याचा डिंक आणि कसला कसला चीक मिसळून त्यांनी टोप चिकटवला होता. खेळ संपला, लुगडं सुटलं, टोप सुटेना. गरम पाणी झालं, तेल झालं, शेवटी रॉकेल झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी पाहायला जायचं होतं. वडील म्हणाले, "वेणी काप अन् चाल." वेणी कापली आणि मामा काळ्याभोर केसांचे, रॉकेलचा वास येणारे नवरदेव होऊन मुलीसमोर बसले. मुलीने मान वर करून एकदाच पाहिलं आणि होकार दिला. ती मुलगी म्हणजे आमच्या मामी. लग्नापर्यंत टोप सुटला होता, पण डोक्यावर मुंडावळ्या आणि फेटा होता. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मामांनी फेटा काढला. मामींनी पाहिलं आणि विचारलं, "अजी, बाकीचं कुठं ठेवलं?"

त्याच विहिरीवर करार झाला. डिंकाला पुन्हा हात लावायचा नाही, आणि डोक्यावर काही ठेवायचंच असेल तर ते मामींनी बांधायचं. "मले एक डाव फसवलं, दुसऱ्या कोनाले नाई," मामी म्हणाल्या.

मामांच्या या ताठ मानेने खेळांची मात्र उलथापालथ झाली. राणीने राजाच्या पाया पडायचा प्रसंग आला की मामा दोन पावलं मागे सरून उजवा हात छातीवर ठेवत आणि मान न हलवता नुसते डोळे मांडवाच्या छताकडे लावत. बायकांच्या बाजूने अशी काही दाद येई की बस्स. माहेरी आलेल्या लेकी सासरी जाताना तो हात आणि ते पाहणं बरोबर घेऊन जात, अशी काही सासवांची तक्रारही होती.

खरी तक्रार होती राजाची. राजा दरवर्षी एकच, गावचे जुने जमीनदार, म्हणजे मालगुजार. देशात स्वराज्य आलं, पुढे मालगुजारी गेली, कचेरीतली माणसं पांगली. वर्षातून एक दिवस मांडवात पुठ्ठ्याचा मुकुट घातला की तेवढं राज्य उरलं होतं, आणि त्यातही राणी वाकेना. ती राणी पुन्हा त्यांचंच कूळ. एका वर्षी त्यांनी पंचांना बसवून सांगितलं, "औंदा राणी पाया पडन, नाई तं दुसरी राणी आनू. आमगावले एक पोट्टा हाये, त्याचे सोताचे केसं हायेत कमरेलोक."

आणि गोंदियाहून नाटकवाल्यांच्या डिंकाची शिशी घेऊन ते स्वतः मामांच्या घरी आले. मंडईचा पाहुणा म्हणून मी तिथेच होतो. शिशी पुढे करत म्हणाले, "दुकानदार बोला, बैल भी चिपक जायेगा. लावून पाह्य ना बे."

"मालक, तो बैलाले लावा. मी राणी हाओ."

"राणी हायेस तं वाक. काऊन नाई वाकत?"

वर्षभरात मामांना हाच एक दिवस मिळत असे आणि आता तोही हातचा चालला होता. ते त्या शिशीकडे पाहत होते आणि मामी त्यांच्याकडे पाहत होत्या. मालगुजार गेल्यावर मामींनी शिशी उघडली, वास घेतला आणि उसवलेल्या सुपाची कड त्या डिंकाने चिकटवून टाकली. सूप पक्कं झालं. शिशी रिकामी झाली.

खेळाच्या दिवशी मामी नेहमीसारख्या मागे बसल्या. मी आरसा धरून होतो.

"वाकनार का जी?" मामींनी विचारलं.

"वाकीन. नाई तं तो पोट्टा उभा राह्यते माया जागेवर."

"मंग गाठ कशी घालू?"

"नेहमीवानीच घाल."

मामींनी गाठ घातली, उठल्या आणि बायकांत जाऊन बसल्या.

प्रसंग आला. राजा खुर्चीत, पाय पुढे पसरलेले. राणी चालत आली, थांबली, छातीवर हात ठेवला. सवयीने टाळ्या पडल्या. आणि राणी वाकली. पूर्ण वाकली. टोप अस्वलाच्या पिल्लासारखा राजाच्या पायांवर पडला आणि राजा दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन उकिडवा बसला. मामांचं पीठ लावलेलं पांढरं डोकं मांडवाच्या फटीतून आलेल्या उन्हात चमकत होतं. त्यांनी ते वर केलं नाही. राणीच्याच गोड आवाजात म्हणाले, "महाराज, होतं तेवढं सारं वाहिलं."

तेवढ्यात बायकांतून मामींचा आवाज आला, "मी विहिरीवर पाह्यलं तवाबी एवढंच होतं."

मग जे हसू फुटलं त्याने मांडवाचे बांबू हलले. शेवटी मालगुजारही पोट धरून हसले, खुर्चीतून उतरले आणि टोप उचलायला खाली वाकले. तोवर ताठ उभ्या राहिलेल्या राणीसमोर राजा वाकलेला पाहून बायकांनी जी टाळी दिली तशी टाळी त्या मांडवात पुन्हा पडली नाही. पाया पडण्याचा विषयही त्यानंतर कोणी काढला नाही.

पुढे एका उन्हाळ्यात मामी गेल्या. तापाने गेल्या, फार दिवस घेतले नाहीत. त्या वर्षी मंडईला मी मुद्दाम आदल्या दिवशीच पोहोचलो. मामांनी दसऱ्याला मिशी उतरवली होती. सकाळी ते लुगडं नेसून पाटावर बसले आणि म्हणाले, "जवाईबापू, गाठ तुमी बांधा."

बांधली. ते म्हणाले, ढिली झाली. पुन्हा बांधली. म्हणाले, टोचते.

"मामाजी, मामींची गाठ कशी असायची?"

"हाये का नाई, तेच समजत नोहोतं."

मग मी धानाचं पोतं आवळतात तशी, गिरणीतली गाठ घातली. मामा उठले. भिंतीवर खुंटीला मामींनी डिंकाने चिकटवलेलं ते सूप टांगलेलं होतं. त्याच्यासमोर जाऊन ते वाकले, खेळात टोप पडला तेव्हा वाकले होते तसे, पार खालपर्यंत. आणि तसेच थांबले. बाहेर ढोलकी वाजायला लागली होती, कोणीतरी राणीला हाका मारत होतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोकं वर केलं. टोप जागच्या जागी होता.

"पडला नाई, जवाईबापू," मामा म्हणाले.