बोटीवरचा डायपरचा नियम

ईशान, अन्वी, हल्ली माझ्या आठवणी निसटू लागल्या आहेत, म्हणून सहलीच्या मोठ्या बोटीवरची ती सकाळ लिहून ठेवते. तिथल्या मुलांच्या खेळायच्या क्लबच्या दारात मुलं सांभाळणाऱ्या ताईने बजावलं, "डायपर चालणार नाही. बाथरूममध्ये आम्ही मदतीला येत नाही." तीन वर्षांच्या ईशानला कुणी शेजारी बसून 'शूऽ' म्हटल्याशिवाय शू होत नसे. तुमची आई म्हणाली, "चला हो आई, जमेल त्याला." माझा पाय निघेना. आपण शिकवतो ते आपण जवळ असेपर्यंतच चालतं का? तेवढ्यात आत गेलेला ईशान खेळ टाकून एकटाच बाथरूमकडे पळाला. मी बाथरूमच्या दाराशी जाऊन कान दिला. आतून बारीक आवाज आला, "शूऽ." तो स्वतःलाच म्हणत होता. माझी आई मला पायांवर बसवून असंच म्हणायची. आई गेली, तिचं घरही गेलं. तेवढा आवाज अजून आहे.