बटण पुन्हा हललं

चाकणजवळ निघोज्याच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. तिथल्या स्टोअरसाठी आम्ही तिघांनी मिळून सॉफ्टवेअर लिहिलं होतं. माल आला की नोंद, गेला की नोंद, एवढंच त्याचं काम. स्टोअर सांभाळणाऱ्या ताई मूळच्या लातूरकडच्या. सुरुवातीला त्या संगणकाला बिचकायच्या, पण हळूहळू असा हात बसला की माल उतरवणाऱ्यांशी बोलता बोलता नोंदी करू लागल्या. मला वाटलं, चला, झालं हे काम.

पण आमच्या धंद्यात कुठलंच काम कधी संपत नाही. आमच्या ऑफिसात नवे मॅनेजर आले. दर पंधरा दिवसांनी ग्राहकाला काहीतरी नवं दिसलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग कधी रंग बदलला, कधी मेनू डावीकडून वर गेला, कधी ‘जमा’चं बटण खाली सरकलं. बदल कारखान्यात पोचला की दुसऱ्या दिवशी सकाळी, मी रहाटणीच्या सिग्नलला अडकलेला असताना, ताईंचा फोन ठरलेला.

“दादा, बटण कालपर्यंत इथंच होतं की. कुठं नेऊन ठेवलंत?”

मी सांगायचो. एकदा त्या म्हणाल्या, “आमचं काही चुकत होतं का? मग कशाला बदलता सारखं?”

“वरून सांगितलंय, ताई,” मी म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर दिवसभर चिडचिड झाली.

पुढे त्यांचे फोन बंद झाले. मॅनेजर खूश. “बघ, सवय झाली लोकांना.” मलाही ते खरं वाटलं.

मग चाकणला दुसऱ्या कामासाठी गेलो असताना निघोज्यात डोकावलो. स्टोअरमधला संगणक बंद होता, कीबोर्डवर कुणाचं तरी हेल्मेट. टेम्पोतून माल उतरत होता आणि ताई चलनाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकत होत्या. मला बघून त्या ओशाळल्या.

“राग मानू नका, दादा. टेम्पोवाला दारात खोळंबतो. बटण हुडकत बसू का माल मोजून घेऊ? आमचे साहेबच म्हणाले, राहू द्या ते.”

राग कसला मानणार? त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी सगळं स्पष्ट सांगितलं. सारखं बदलतो म्हणून लोक वापरत नाहीत. वर्षभर हात लावू नका, जुनी स्क्रीन परत द्या. शेजारी बसलेला मित्र हळूच म्हणाला, “जाऊ दे ना राव.”

मॅनेजरनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं. वहीत टिपूनही घेतलं. मग म्हणाले, “चांगला मुद्दा आहे. बदल लोकांच्या लक्षात येत नाहीयेत. आपण प्रत्येक वेळी काय बदललं ते स्क्रीनवर दाखवणारी एक खिडकी टाकू. आधी ती बंद करायची, मग काम सुरू.”

ती खिडकी मीच लिहिली. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. मला काही हसू आलं नाही.